तीन कर्नल आणि एक ठिणगी

वर्ध्याला लागून असलेल्या नालवाडीत आमच्या घराच्या पुढच्या खोलीवर जी पाटी होती तिच्यात ‘इलेक्ट्रॉनिक्स’ हा शब्द होता. त्यामुळे लोक माझ्याकडे टीव्ही घेऊन यायचे. टीव्ही, टेपरेकॉर्डर, इस्त्री; एकदा एक आजी शिलाई मशीनची मोटर पदरात गुंडाळून घेऊन आल्या होत्या. हे दुरुस्तीचं दुकान नाही, असं मी सुरुवातीला सांगायची. नंतर सांगणं सोडलं. जमेल ते नीट करून द्यायची, नाही जमलं तर बसस्टँडकडच्या दुकानाची वाट दाखवायची. मी खरोखर काय काम करते हे नीट समजणारा वर्ध्यात एकच माणूस होता, आणि तो पुढे बंगलोरला गेला.

या अंकासाठी ‘तुमच्या कामाबद्दल लिहा’ असा निरोप आला, तेव्हा पहिला प्रश्न हाच पडला की काम काय होतं ते सांगायचं कसं. प्रयत्न करते.

यंत्राच्या पोटात एक लहान कॉम्प्युटर असतो. त्याला कीबोर्ड नसतो, बहुतेक वेळा पडदाही नसतो. इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यात तो असतो, डेअरीतल्या दूध तपासायच्या यंत्रात असतो, विहिरीवरच्या पंपाच्या स्टार्टरमध्येही असू शकतो. आम्ही असे कॉम्प्युटर बनवून यंत्रात बसवायचो. त्याला एकाच वेळी चार कामं असली, म्हणजे वजन घ्यायचं, आकडा दाखवायचा, पावती छापायची, बटणाकडे लक्ष ठेवायचं, तर आधी कुणाचा नंबर, हे ठरवणारा एक प्रोग्राम सगळ्यांच्या मुळाशी लागतो. त्याला कर्नल म्हणतात. आमच्या जिल्ह्यात पुलगावला मिलिटरीचा डेपो असल्यामुळे हा शब्द उच्चारला की समोरचा सावरून बसायचा. तळेगावच्या रतनलालजींना मी पहिल्यांदा सांगितलं की आमच्यासमोर तीन कर्नल आहेत आणि त्यातला एक निवडायचाय, तेव्हा त्यांनी फार आदराने विचारलं होतं, “तिघंही रिटायर झालेले आहेत का?”

शरद आणि मी कॉलेजात एका वर्गात होतो. नव्वदच्या दशकात आमच्या वर्गातली मुलं पुण्याला, मुंबईला निघाली. आम्ही दोघं मागे राहिलो. मी राहिले कारण आई नव्हती आणि बाबा अर्धांगाने अंथरुणाला खिळलेले होते. शरद का राहिला, हे मी त्याला विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याने काहीतरी उत्तर दिलं असतं आणि मग ते उत्तर धरून चालावं लागलं असतं.

आमच्या पुढच्या खोलीत आम्ही काम सुरू केलं. सुरुवातीची यंत्रं साधी होती, त्यांना कर्नल लागायचाच नाही. प्रोग्राम एका चक्रात फिरायचा: हे बघ, ते बघ, परत पहिल्यापासून बघ. पंपाच्या स्टार्टरला तेवढं पुरतं. मागच्या खोलीतून बाबांनी हाक मारली की मी उठायची, तेवढ्यात शरद माझी सोल्डरिंग गन बंद करून ठेवायचा. आमच्यात बोलणं असं फार नव्हतंच, असायचं ते कामाचं. पण कामाचं बोलणं दिवसभर चालायचं, आणि ते किती मोठं सुख असतं हे तेव्हा मला कळत नव्हतं.

मग तळेगावचं काम आलं.

तळेगाव, म्हणजे आष्टी तालुक्यातलं श्यामजी पंतांचं तळेगाव. तिथे रतनलालजींचा जिनिंगचा कारखाना होता. जिन म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायची जागा. वेचलेल्या कापसात खडे येतात, एखादा खिळा येतो, बैलाच्या नालेचा तुकडाही येतो. तो यंत्राच्या पात्यावर आपटला की ठिणगी उडते. ती ठिणगी रुईत, म्हणजे सरकी काढलेल्या कापसात, शिरते आणि रुईबरोबर पत्र्याच्या जाड पाइपातून पंख्याच्या वाऱ्याने गोदामात जाऊन पडते. तिथे ती लगेच पेटत नाही. ढिगाच्या आत धुमसत राहते, आणि वरून धूर दिसतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. रतनलालजींचं गोदाम त्याआधीच्या हंगामात असंच जळलं होतं. ढिगावर काम करणाऱ्या एका बाईचे दोन्ही हात भाजले होते. मी गेले तेव्हा त्या फाटकाशी बसून लोकांना पाणी देत होत्या, कारण दुसरं काम त्या हातांनी होत नव्हतं.

रतनलालजींना हवं होतं ते असं: पाइपात एक डोळा बसवायचा. त्याला ठिणगी दिसली की पुढची झडप फिरली पाहिजे आणि तेवढी रुई गोदामात न जाता बाहेर अंगणात पडली पाहिजे. रुई पाइपातून वाऱ्यासारखी जाते. डोळा आणि झडप यांच्यामधलं अंतर ती पार करेपर्यंत आपली पापणीही लवत नाही. त्याच्या आत सगळं व्हायला हवं, आणि दर वेळी व्हायला हवं.

शिवाय त्यांना रंगीत पडदा हवा होता. आज किती ठिणग्या पकडल्या, काल किती, त्याचा आलेख. पाहुणे आले की दाखवता यावा.

इथे आमचं जुनं चक्र पुरणार नव्हतं. कर्नल लागणार होता, आणि विकत घ्यायची आमची ऐपत नव्हती. पण त्या वर्षांत जगभरातल्या लोकांनी लिहून मोकळे सोडलेले कर्नल मिळायला लागले होते. ओपन सोर्स. कुणीही घ्या, आतलं वाचा, बदला, वापरा. काही कॉम्प्युटरच्या मासिकाबरोबरच्या सीडीवर यायचे, काही फोनची लाइन अडवून इंटरनेटवरून उतरवून घ्यावे लागायचे. ते उतरेपर्यंत बाबांसाठी येणारे फोन लागायचे नाहीत आणि माझी आत्या मग घरी येऊन रागवायची.

आम्ही तीन निवडले. पहिला लिनक्स. सगळ्यात मोठा. त्यात पडदा, प्रिंटर, फाइली, जे मागाल ते तयार. मात्र त्याचा स्वभाव मोठ्या ऑफिसचा होता: कामं सगळी होतील, कधी होतील ते विचारू नका. दुसरा मध्यम. आपल्याला हवे तेवढेच भाग निवडून जुळवायचे, अशी त्याची रचना होती. कागदावर आमच्या कामाला तोच सगळ्यात योग्य होता, पण तो ज्या बोर्डांवर चालायचा ती बोर्डं नागपुरातसुद्धा मिळत नव्हती. आमच्या बोर्डावर बसवायला गेलो तर एक चूक दुरुस्त केली की पुढची उभी राहायची. तो आम्ही सोडला. तिसरा अगदी लहान. त्याला एकच गोष्ट येत होती: ज्याचं काम जास्त निकडीचं, त्याला हातातलं सगळं टाकून आधी पुढे घ्यायचं. बाकी काही नाही. पडदा नाही, फाइल नाही. मी तो छापून काढला आणि एका दुपारी बाबांच्या उशाशी बसून सगळा वाचला. एखाद्या माणसाचं बोलणं सरळ असावं तसा तो होता. लिहिणारा कुठल्यातरी थंड देशातला होता. कुठे काय केलंय आणि का केलंय, ते त्याने मधूनमधून दोन शब्दांत लिहून ठेवलं होतं.

मला हा लहान हवा होता. शरदला लिनक्स हवा होता. कितीतरी दिवस आमचा तोच वाद चालला. तो म्हणायचा की पुढचं सगळं यातच होणार आहे, हे एकदा हाताखालून गेलं की आपल्याला जगात कुठेही किंमत आहे. मी म्हणायची की आपल्याला जगाचं नाही, तळेगावच्या पाइपाचं करायचंय. तो हसायचा. पडदा द्यायचा तर मोठाच लागणार, हेही खरं होतं.

शेवटी लिनक्स ठरला.

दिवाळीनंतर आम्ही यंत्र बसवलं. पाइपाला लहान भोक पाडून त्यातून क्षणभर दिवा चमकवायचा, म्हणजे डोळ्याला ठिणगी वाटते, अशी आमची चाचणी होती. दिवा चमकला की झडप खाडकन फिरायची; मध्ये किती वेळ गेला ते आम्ही ऑसिलोस्कोप नावाच्या यंत्रावर मोजायचो. जिनमधले फिटर नामदेवभाऊ पहिल्याच दिवशी म्हणाले, “हे तं माणसापेक्षा हुशार हाय.” रतनलालजींनी गोदामात लक्ष ठेवायला बसवलेला माणूस काढून दुसऱ्या कामाला लावला. पडद्यावरचा आलेख बघायला आर्वीचे, आष्टीचे व्यापारी येऊन गेले. शरदने त्या कामाचं वर्णन लिहून बंगलोरच्या एका कंपनीला पाठवलं होतं, ते मला त्यांचं बोलावणं आल्यावर कळलं.

मी म्हटलं, हंगाम संपेपर्यंत तरी थांब. तो म्हणाला, त्यांना लगेच माणूस हवाय. तूही ये, असं म्हणाला. मग मागच्या खोलीकडे बघितलं. मी स्टेशनवर गेले होते. गाडी वेळेवर आली. त्याने खिडकीतून सांगितलं की ऑसिलोस्कोपची एक पिन सैल आहे, ती हलवू नकोस.

त्यानंतर महिन्याभरात केव्हातरी मी एकटीच एसटीने तळेगावला गेले. नेहमीची चाचणी सुरू केली. ऑसिलोस्कोपवर दोन रेघा असतात: एक दिवा चमकल्याची, दुसरी झडप फिरल्याची. दोन्हींमधलं अंतर म्हणजे लागलेला वेळ. मी दिवा चमकवत होते, अंतर तेवढंच येत होतं. आणि एकदा दुसरी रेघ खूप लांब, पार कडेला उमटली आणि विझली.

जुन्या ऑसिलोस्कोपवर गेलेली रेघ परत दिसत नाही. मी पुन्हा दिवा चमकवला. बरोबर. पुन्हा. बरोबर. मला वाटलं, भास झाला. मग बऱ्याच वेळाने ती परत तशीच उमटली. त्या वेळी पडद्यावर आलेख नव्याने रेखला जात होता.

मी नामदेवभाऊंना बोलावून आणलं. त्यांना शेजारी उभं केलं, काय बघायचं ते सांगितलं, आणि दिवा चमकवत राहिले. ते बिचारे हातातलं काम सोडून उभे राहिले. रेघ हलली नाही.

“मले तं सारखंच दिसून राह्यलं, ताई,” ते म्हणाले. “पण तुमी म्हनता तं असन.”

ते गेल्यावर लांबची रेघ पुन्हा उमटली. माझ्या सगळ्या कामाच्या आयुष्यात इतकं एकटं मला कधी वाटलं नाही. पुढे बाबा गेले तेव्हासुद्धा नाही. तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. इथे कारखान्यात शंभर माणसं होती, यंत्रांचा आवाज होता, आणि मी जे पाहिलं ते ‘हो, मीही पाहिलं’ असं म्हणणारं कुणी नव्हतं.

कारण काय ते मला दोन दिवसांत उमगलं. त्या वेळचा लिनक्स स्वतःचं एखादं अंतर्गत काम करायला बसला की ते पुरं होईपर्यंत मान वर करायचा नाही. बँकेतला कारकून स्लिप लिहिताना जसा समोर बघत नाही, मग समोरच्याचं घर जळत का असेना. तो त्याचा दोष नव्हता. तो ज्या कामासाठी बनला होता तिथे हे चालतं. आमच्या पाइपात चालत नव्हतं.

एसटीडी बूथवरून शरदला फोन केला. तो मीटिंगमध्ये होता. दुसऱ्यांदा केला तेव्हा मिळाला. त्याने नीट ऐकून घेतलं. म्हणाला, “कुंदा, इतक्या वेळांतून एकदा होतं ना? आणि नेमकी तेव्हाच ठिणगी यायला पाहिजे. तू उगाच जिवाला लावून घेऊन राह्यली.” मग दुरुस्तीचे एक-दोन उपाय सांगितले. ते मी करून पाहिले होते. मागून कुणीतरी त्याला इंग्रजीत हाक मारली. मी फोन ठेवला.

रतनलालजींना सांगायला गेले, तेव्हा हंगाम भरात होता. फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती. मी सांगितलं की यंत्रावर विसंबू नका, गोदामात माणूस परत बसवा, आणि मी हे काढून नेते.

“मॅडम, दिवाळीनंतर तुम्हीच म्हटलं का आता माणसाचं काम नाई. सगळ्या व्यापाऱ्यांले मी बोलावून दाखवलं. आता भिंतीवर खाली जागा दिसन, तं मी लोकायले काय सांगू?”

मी म्हटलं, “सांगा की बाईने केलं ते चुकीचं निघालं.”

“आन् ते शरदबाबू? ते काय म्हणतात?”

“ते इथं नाहीत,” मी म्हटलं.

यंत्र काढलं. नामदेवभाऊंनी ते पोत्यात बांधून एसटीच्या टपावर चढवून दिलं.

पुढचे दिवस मी लहान कर्नल घेऊन बसले. तो माझ्या बोर्डावर बसवायचा, त्याच्यावर डोळ्याचं आणि झडपेचं काम नव्याने लिहायचं. ठिणगीचं काम सगळ्यात वर. ते आलं की बाकी सगळं जिथे असेल तिथे थांबणार. पडदा गेला. त्याच्या जागी एक हिरवा दिवा, एक लाल दिवा आणि घंटी. अडलं की मी त्या थंड देशातल्या माणसांच्या ई-मेलच्या यादीवर इंग्रजीत प्रश्न पाठवायची. कधी उत्तर यायचं, कधी नाही. दिवसभरात तोंडातून निघालेले शब्द म्हणजे बाबांशी औषधाचे आणि भाजीवाल्याशी भाजीचे. एकदा प्रोग्राममधली चूक सापडली तेव्हा मी मोठ्याने म्हणाले, “बघ, इथे होती.” मागच्या खोलीतून बाबांनी विचारलं, “कोण आलंय?”

हंगाम उतरणीला लागला तेव्हा मी नवीन यंत्र घेऊन गेले. रतनलालजी दोन दिव्यांकडे बघून म्हणाले की हे तर रिक्षाचं इंडिकेटर दिसतं. तीन दिवस तिथेच दिवा चमकवत बसले. दुसरी रेघ जागची हलली नाही. चौथ्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीनंतर, मी चाचणी बंद करून डबा धूत होते तेव्हा झडप खाडकन वाजली. भोकाशी कुणी नव्हतं. लाल दिवा लागला, घंटी वाजली, आणि अंगणात रुईचा एक पांढरा गोळा येऊन पडला.

नामदेवभाऊंनी तो काठीने उलगडला. मधोमध रुपयाएवढा काळा डाग होता आणि त्याच्या कडेने लाल धग सरकत होती. फाटकाशी पाणी देणाऱ्या त्या बाई उठून आल्या. त्यांनी आपली कळशी दोन्ही मनगटांत धरून त्याच्यावर ओतली. चर्र झालं. त्या परत फाटकाशी जाऊन बसल्या. यंत्रं चालूच होती, कुणाचं काम थांबलं नव्हतं. रतनलालजी त्या दिवशी आष्टीच्या बाजारात गेले होते. परतल्यावर त्यांनी एवढंच विचारलं की रुई किती वाया गेली.

हे असंच असतं या धंद्यात. काही झालं नाही, हेच तुमचं काम. आणि न झालेली गोष्ट कुणाला दाखवता येत नाही.

शरदला फोन लावला. त्याने नोकरी बदलली होती, जुन्या ऑफिसातून नवा नंबर मिळवला. तो मनापासून खूश झाला. म्हणाला, आता मोठ्या कर्नलमध्येही मधेच थांबवायची सोय येऊन राहिली आहे, एक-दोन वर्षांत तुझा मुद्दाच उरणार नाही. ते खरं होतं, पुढे तसंच झालं. त्याने लग्न ठरल्याचंही सांगितलं. मी अभिनंदन केलं. मुलगी कुठली, ते विचारलं.

त्यानंतर ते यंत्र मी आर्वीच्या आणि हिंगणघाटच्या काही जिनमध्ये बसवलं. त्यात थोडे बदल केले, पण गाभा तोच. बाबा गेले. मी नालवाडीतच राहिले. आता बंगलोरला जायला कुणाची आडकाठी नव्हती, पण तोपर्यंत मला कुणी बोलावतही नव्हतं.

दोन हजारचं दशक संपत आलं तेव्हा तळेगावचा जिन बंद झाला. रतनलालजींच्या मुलांनी दुसरीकडे नवा कारखाना टाकला, त्यात सगळी यंत्रं बाहेरून जोडूनच आली होती. जुन्या शेडमधलं लोखंड काढायला सुरुवात होणार होती. नामदेवभाऊंनी फोन केला की तुमचा डबा घेऊन जा, नाहीतर भंगारात जाईल.

मी गेले. शेडमध्ये इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. यंत्रं खोलून झाली होती, पाइप तेवढा वर लटकत होता, आणि भिंतीवर हिरवा दिवा खालच्या बॅटरीवर अजून लागलेला होता. नामदेवभाऊंनी डब्याच्या चारही बाजू चाचपून पाहिल्या.

“ताई, याले बंद करायचं बटनच नाई.”

“ठेवलंच नव्हतं, भाऊ. कुणी चुकून बंद करू नये म्हणून.”

ते वायर कापायला पकड शोधायला गेले. सापडली तरी लगेच आले नाहीत, तेलाचे दोन रिकामे डबे घेऊन आले आणि उलटे मांडले. एकावर स्वतः बसले.

“इतकी वर्सं हे माह्या डोक्याजवळ होतं,” ते म्हणाले. “आतमंदी नेमकं काय करत होतं, हे कदी इचारलं नाई. तवा टाइम नव्हता. आता सांगा. आता मले काई काम नाई.”

मी दुसऱ्या डब्यावर बसले आणि सांगितलं. पहिल्यापासून. कर्नल म्हणजे काय, तीन कर्नल कोणते, मोठा कसा, मधला कसा, लहान कसा. कुणाचा स्वभाव काय, आम्ही दोघं कशावरून भांडलो. बँकेतल्या कारकुनाचं सांगितलं तेव्हा ते हसले. मी हे सगळं इतक्या वर्षांत कुणालाच सांगितलं नव्हतं, आणि मला ते इतकं सलग सांगता येतं हेही ठाऊक नव्हतं. ते मधेच थांबवून विचारत होते, चुकीचं समजलं तर परत विचारत होते. शेडच्या दारातून येणारं ऊन आमच्या पायांवरून भिंतीकडे सरकलं.

सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी दिव्याकडे बोट केलं.

“म्हंजे लहानाच बरोबर होता, हे तुमाले पयलेच समजलं होतं.”

“हो.”

“मंग शरदभाऊचं काऊन आयकलं?”

मी पडद्याचं सांगितलं, रतनलालजींच्या हट्टाचं सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण नजर काढली नाही. मग मी जे बोलले ते माझ्याच कानांवर पहिल्यांदा पडत होतं.

“वाटलं होतं, त्याचं आयकलं तं तो इथंच थांबन.”

नामदेवभाऊ उठले, पकड माझ्या हातात दिली, आणि मला नीट कापता यावी म्हणून बॅटरीची वायर दोन्ही हातांनी ताणून धरली.